चार्जिंगला लावलेला फोन

१

बेबाबाई सावद्याच्या बाजारातून परतली तेव्हा तिच्या दारात अर्धं गाव उभं होतं. गाव दारात उभं राहतं ते दोनच कारणांनी, आणि घरात लग्न तर काही नव्हतं.

चपला न काढताच ती आत शिरली. मधल्या घरात तिची थोरली सून मृणाली पालथी पडली होती. फरशी ओलीचिंब. उजव्या हाताचा तळवा कोळशासारखा काळा. शेजारी परवाच घेतलेला नवा फोन, त्याला चार्जिंगची वायर, आणि वायरीचं दुसरं टोक भिंतीवरच्या बोर्डात.

थोरला मुलगा योगराज भिंतीला टेकून बसला होता. डोकं गुडघ्यात.

"फोन चार्जिंगला लावून बोलत होती, माय," तो वर न बघता म्हणाला. "बोलता बोलता फरशी पुसत होती. मी ओट्यावर होतो, मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. मग एकदम किंचाळली. मी मेन स्विच पाडेस्तोवर सगळं संपलं."

बायांच्या घोळक्यातून शेजारची भिकुबाई बोलली. हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं हळू. "तरी म्या म्हटलं होतं. कंपनीचं चार्जर सोडून हलकं उचललं हिनं. चार पैसे वाचवले न् सून घालवली."

बेबाबाईनं जन्मात कोणाचं बोलणं उधार ठेवलं नव्हतं. सासूचं नाही, सरपंचाचं नाही. त्या दिवशी मात्र भिकुबाईचं उधार राहिलं. चार्जर तिनंच निवडलं होतं, घासाघीस तिनंच केली होती, आणि ते साऱ्या फैजपुरानं पाहिलं होतं.

ती सुनेजवळ बसली. केसांत अडकलेला पदर सोडवून तिनं तो नीट केला. तेव्हा तिची नजर गेली पलीकडे लवंडलेल्या काळ्या बादलीवर. त्या बादलीत काहीतरी चुकत होतं. काय, ते तिला उमगेना.

२

फोन घ्यायचा विषय मृणालीनंच काढला होता. जुन्या फोनची काच फुटून तिचं पार जाळं झालं होतं, बोट लावलं की बोटच कापायचं.

रस्त्यावरच्या भूषणच्या दुकानात सासू-सून दोघी गेल्या. भूषणनं आधी एक चकचकीत फोन पुढं केला. "बेबाअक्का, याचा कॅमेरा पाहा. चंद्राचे डाग दिसतात."

"चंद्राचे डाग पाहून मले काय त्याच्या घरी पोरगी द्यायची हाये?" बेबाबाई म्हणाली. "रोज वापराचा दाखव. बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे, आवाज मोठा पाहिजे, न् किंमत आमच्या अंगाची पाहिजे. फार हलका नही, फार भारी नही."

भूषणनं मधल्या किमतीचे तीन काढले. मृणालीनं तिन्ही हातात घेऊन पाहिले. ती फार बोलणारी नव्हतीच, पण त्या दिवशी एकेक प्रश्न नेमका विचारत होती. जागा किती? भरपूर साठवता येईल ना? हा किती वर्षं चालेल, कंपनी अपडेट कुठवर देते?

"याला चार वर्षं देणार म्हणते कंपनी," भूषण म्हणाला.

"मग हाच बरा," ती म्हणाली. जरा थांबली, आणि आवाज खाली आणून तिनं विचारलं, "भाऊ, बोलणं रेकॉर्ड करताना यात ती बाई बोलते का? 'तुमचा कॉल रेकॉर्ड होत आहे' म्हणून?"

"त्या दुसऱ्यात बोलते. यात नाही."

"तर मग हाच."

डब्यात चार्जर नव्हतं. हल्ली कंपन्या चार्जर देत नाहीत, म्हणे. बेबाबाई म्हणाली, नवरदेव देता आणि घोडं मागून घ्या म्हणता! कंपनीचं चार्जर महाग, म्हणून तिनं साधं उचललं, वर कव्हर आणि काच फुकटात काढून घेतली, आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर मिरवत बाहेर पडली.

संध्याकाळी देवापुढे फोन ठेवला. त्या घरात ट्रॅक्टर असो की मिक्सर, पूजेशिवाय सुरू होत नसे. ट्रॅक्टरच्या चारी चाकांना लावतात तसं बेबाबाईनं फोनच्या चारी अंगांना ओलं कुंकू चोपडलं, अक्षता टाकल्या, पाणी शिंपडलं. मृणाली "आत्याबाई, जरा कमी..." म्हणाली, पण सासूचा हात चालू असताना तो आवरायची रीत त्या घरात नव्हती.

जेवताना बेबाबाईला दुकानातली गंमत आठवली.

"आपल्या सूनबाईले फोन कसा पाहिजे, ठाऊक हाये? रेकॉर्डिंग करतांना बाई बोलली नही पाहिजे! कोनाचं रेकॉर्डिंग करतं व? माह्या शिव्यायचं?"

धाकट्या तेजसला हसता हसता ठसका लागला. मृणाली मान खाली घालून भाकरी वाढत राहिली. योगराजनं पाणी मागितलं, प्यायला, आणि ताट तसंच टाकून उठला.

३

दोंडाईच्याहून मृणालीचा बाप आला. भाईदास नाव. उंच, वाळका माणूस, बोलताना डोळ्यांत बघणारा. चिता पेटेपर्यंत तो थांबला. घरी आल्यावर ओट्याखालीच उभा राहिला, वर चढला नाही.

"विहीनबाई, मनी पोर कसामुये मरनी, ते माले सांगा. फोनमुये, का तुम्हना घरमुये?"

"काय म्हणायचं हाये ते सरळ म्हना, भाऊ."

"दिवाईले ती घर ऊनी, तव्हय तिना पाठवर वळ व्हतात. मी ईचारं, बोलनी नही. परवा फोनवर म्हने, आबा, पोलीस पुरावा मांगतस, तो मी जमा करसू."

"माझ्या घरात बाईवर हात उचलत नही कोनी," बेबाबाई ताडकन म्हणाली. म्हणताना तिला योगराज-मृणालीच्या माडीवरून कधीमधी खाली पडणाऱ्या भांड्यांचे आवाज आठवले. भांडी माडीवर नसतात. पण तिनं ते वाक्य मागे घेतलं नाही.

भाईदासनं तिच्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "ते मंग तुम्हनी कंजूशीनीच मारं तिले. दोन्हीमातलं एक ते तुम्हले लेनंच पडई."

बोलणं वर्मी बसलं. पोलिसांनीही तेवढ्यात अपघात धरला होता. हलकं चार्जर, ओली फरशी, उघडी गोष्ट. फौजदार ऋतिका मॅडम फोन आणि चार्जर पाकिटात घालून घेऊन गेल्या होत्या आणि भूषणला ठाण्यावर बोलावणं गेलं होतं. योगराज आल्या-गेल्याला सांगत होता, "बोर्ड तेजसनं बसवला, चार्जर मायनं घेतलं. मी कोणाला दोष देऊ?"

दोष देत नाही म्हणत म्हणत त्यानं दोघांना बरोबर वाटून दिला होता. बेबाबाईच्या ते लक्षात आलं. आपल्या हातून सून मेली असेल तर ते ती तोंडावर घेईल. पण आपल्या हातून मेली की नाही, हे आधी ती स्वतः बघणार होती.

४

तेजस गोठ्यात म्हशीपुढे बसून रडत होता. दोन रात्री तो घरात झोपलाच नव्हता.

"बोर्ड मीच बसवला, माय. मीच मारलं वहिनीला."

"रडनं आटप न् मले नीट सांग. बोर्डात कधी झटका बसला कोनाले?"

"कधीच नाही. मी रोज माझा फोन तिथंच लावतो. त्या दिवशी सकाळीही लावला होता."

"त्याच बोर्डाले? त्याच चार्जरनं?"

"त्याच. वहिनीनंच दिलं होतं. म्हणाली, घ्या, मला सध्या लागत नाही."

बेबाबाईच्या कपाळाला आठी पडली. नवा फोन घेऊन दोनच दिवस, आणि चार्जर लागत नाही?

"मंग इथं कसाला बसला तू?" ती म्हणाली. "म्हशीले पानी तरी पाजलं का?"

"बादली कुठंय? पोलिसांनी नेली. सकाळी मी मागच्या दाराशी भरून ठेवली होती, आणि वहिनीच्या शेजारी लवंडलेली सापडली." तेजसनं बाहीनं डोळे पुसले.

बेबाबाई जागीच थांबली. काळी बादली. म्हशीची बादली. शेणामुताची. जिला मागच्या दाराच्या उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती, ती बादली मधल्या घरात, देवघराच्या भिंतीला लागून लवंडली होती. फरशी पुसायची बादली निळी. ती मोरीत, कोरडी, पालथी होती. मृणालीनं या घरात सात वर्षांत ती चूक एकदाही केली नव्हती, आणि फरशी तर त्या घरात सकाळच्या चहाआधीच पुसून होते. दुपारी फरशी कोण पुसतं?

"तेजस, गोठ्याची बादली कोनती न् घरातली कोनती, हे तुले ठाऊक हाये ना?"

"म्हणजे काय? तू चामडी सोलशील."

"न् योगराजले?"

तेजसनं तिच्याकडे बघितलं. दादा गोठ्यात पाय ठेवत नसे. त्याला शेणाचा वास सहन होत नसे. म्हैस दावं ओढत राहिली.

५

भूषण ठाण्यावरून सुटून नुकताच दुकानात आला होता. शटर अर्धं खाली. बेबाबाई वाकून आत शिरली.

"अक्का, मला माफ करा. चार्जर साधं होतं, पण वाईट नव्हतं, आईशपथ."

"चार्जर वाईट नव्हतं ते मले ठाऊक हाये. माहा तेजस त्यावर फोन लावून जिता हाये. तू मले हे सांग, विकल्यावर तो फोन तू पुन्हा पाहिला का?"

"नाही," भूषण म्हणाला. फार लवकर म्हणाला.

"भूषण, तुह्या बापाले मी लहानपनी कैऱ्या चोरताना धरलेलं हाये. तोही असाच 'नही' म्हने, पहिला श्वास घ्यायच्या आधी."

भूषणचं तोंड पडलं. काउंटरवरची काच तो रुमालानं पुसायला लागला. पुसलेलीच परत पुसू लागला.

"मी ठाण्यावर बोललो नाही, अक्का. तक्रार घेऊन आली होती म्हटलं असतं, तर मलाच धरलं असतं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी मृणालीताई आल्या होत्या. फोन चार्जच होईना. वायर लावली की पाण्याच्या थेंबाचं चिन्ह यायचं. मी चार्जिंगचं खालचं भोक टॉर्च मारून बघितलं, तर आत कुंकवाचा चिखल. अक्षतेचा कणसुद्धा होता. मी म्हटलं, ओलं आहे तोवर वायर अजिबात लावू नका. फोन मी बंद करून दिला, दोन दिवस वाळू द्या म्हटलं, मग साफ करतो."

"न् तिचं सिमकार्ड?"

"कार्ड मी काढून त्यांच्या जुन्या फोनात परत टाकून दिलं. फुटक्या काचेच्या. म्हटलं, तोवर हाच वापरा."

बेबाबाई काउंटरवर पुढे वाकली.

"हे तिनं घरात कोनाले सांगतलं?"

"कोणालाच नाही सांगणार म्हणाल्या. मलाही तुमच्याजवळ बोलू नका म्हणाल्या." भूषणनं रुमालाची घडी घातली. "म्हणाल्या, आत्याबाईंनी हौसेनं पूजा केली. त्यांच्या कुंकवानं फोन बिघडला असं गावात झालं तर त्यांना खाली बघावं लागेल. त्यांना खाली बघायची सवय नाही."

बेबाबाई शटरखालून वाकून बाहेर आली. रस्त्यावर केळीच्या ट्रकांची रांग लागली होती, हमाल घड चढवत होते, कोणी कोणाला शिव्या घालत होतं. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. आता तिला सगळं कळलं होतं. आणि ते कळलेलं फक्त तिलाच होतं. भूषण घाबरट; ती गप्प राहिली तर तोही गप्प राहणार. चार्जर हलकं होतं, म्हातारी कंजूष होती, एवढ्यावर गाव समाधानी होतं. बोल लागला असता तर तिला, पोरगा घरात राहिला असता.

ती घराच्या वाटेनं चार पावलं गेली. मग वळली, आणि ठाण्याच्या पायऱ्या चढली.

६

ऋतिका मॅडम घरी आल्या तेव्हा ओट्यावर योगराज, तेजस आणि भाईदास होते. भूषणला हवालदारानं आणलं होतं. शेजारची भिकुबाई बोलावल्याशिवाय आली होती.

"मॅडम," बेबाबाई म्हणाली, "तो फोन उघडून दाखवा सगळ्यायले. आधी खालचं भोक."

मॅडमनी पाकीट फोडलं, फोन उलटा धरून टॉर्चचा उजेड टाकला. भोकात लाल चिखल वाळून घट्ट बसला होता.

"ते कुंकू माझं हाये. पूजेत म्या भरलं. त्यानं फोन चार्ज होत नव्हता. भूषणनं तिले सांगतलं, वायर लावू नको, न् फोन बंद करून दिला. सांग रे."

भूषणनं मान हलवली आणि दुकानात जे झालं ते सांगितलं.

"जप्त केला तेव्हा बंदच होता," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, शॉकनं गेला."

"आता कार्डाचा कप्पा काढा."

मॅडमनी डब्यातली पिन खुपसली. बारीकसा कप्पा बाहेर आला. दोन्ही खाचा रिकाम्या.

भिकुबाई बघायला पुढे सरकली.

बेबाबाई योगराजकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं, असं तेजसला नंतर नेहमी वाटत राहिलं.

"तू म्हटलं, ती बोलत होती न् तू ओट्यावरून आयकलं. फोन बंद. आत कार्ड नही. चार्जिंग होत नही हे तिले ठाऊक, तरी वायर लावलेली. सांग, काय आयकलं तू?"

"जुन्या फोनवर बोलत असेल. मला काय माहीत, कोणत्या..."

"तिचा जुना फोन शिलाई मशीनच्या खणात सापडला," ऋतिका मॅडम म्हणाल्या. "आज आम्ही कंपनीला विचारलं. त्या दुपारी त्या नंबरवरून फोन गेला नाही, आलाही नाही."

"चार्जर तेजसनं सकाळी त्याच बोर्डाले लावलं होतं, त्याले काही झालं नही," बेबाबाई पुढे म्हणाली. "फरशी सकाळीच पुसलेली होती. ती कोनीतरी पुन्हा ओली केली, न् मागच्या दाराशी भरलेली म्हशीची बादली घरात आनून केली. या घरात असं कोन करीन? तिनं नसतं केलं. तेजसनं नसतं केलं. ज्याले गोठ्यातली बादली कोनती न् घरातली कोनती हे ठाऊकच नही, असा या घरात एकच मानूस हाये."

"माय, तू काय बोलतेस तुला कळतंय का?"

"कळतंय. तिले तुझं बोलनं रेकॉर्ड करायचं होतं. तुह्या धमक्या, तुह्या शिव्या. म्हनून तिनं तो फोन निवडला. न् तुले ते म्या सांगतलं, जेवतांना, हसत हसत."

योगराज उठून उभा राहिला. चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला होता. "तिनं मला आत घालायचं ठरवलं होतं, माय! माझ्याच घरात, माझ्याच पैशाच्या फोनात! मी काय बघत बसायचं होतं? पाण्याच्या मोटारीची वायर तिथंच पडलेली होती, आणि ती म्हणत होती की आता ती आबांकडे..." तो थांबला. पण थांबायला उशीर झाला होता.

हवालदारानं त्याचा दंड धरला. पायरी उतरताना त्यानं मागे वळून बघितलं.

"आई आहेस की कोण आहेस तू?"

भिकुबाई सगळ्यांआधी उठून गेली. संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी पोचल्या होत्या. एक, योगराजनं बायको मारली. दुसरी, बेबाबाईनं पोटचा पोरगा पोलिसांत दिला. दुसरीच जास्त वेळा बोलली गेली.

७

सकाळी भाईदास निघाला. बेबाबाईनं तांब्या पुढे केला.

"या घरनं पानी माले चालाव नही, विहीनबाई."

"बरोबर हाये," ती म्हणाली, आणि तांब्या ओट्यावर ठेवून त्याच्यामागोमाग स्टँडवर गेली. तो नको म्हणाला नाही.

स्टँडवर त्यानं धुळ्याच्या बसची चौकशी केली. मग म्हणाला, "जळगावले कोर्टम्हा केस उभी ऱ्हाई. वकील तुम्हले समजाडई. एक शब्द फिरवा, म्हनई. न् तुम्ही फिरावशात. शेवट तुम्ही त्यानी माय शेतस."

"भाऊ, परक्याचा पोरगा असता तं म्या म्हटलं असतं, जाऊ द्या, सरकार पाहून घेईन. आपल्या पोटचा हाये, म्हनून मलेच बोला लागलं. कोर्टातही मीच बोलीन."

भाईदासनं तिच्या डोळ्यांत बघितलं, ते पारखून घेतल्यासारखं. धुळ्याची बस आली, तो चढला. खिडकीशी बसला, पण बाहेर बघितलं नाही.

बस गेली. स्टँडच्या बाकावर गावातल्या तिघी बाया बसल्या होत्या. बेबाबाई जवळ आली तशा त्या एकमेकींकडे बघून एका टोकाला सरकल्या, पदर आवरून, जणू अंगाला काही लागेल. चांगली अर्ध्या बाकाची जागा रिकामी झाली.

बेबाबाई त्या जागेत मधोमध बसली.